धेनुकाकटाचा यवन काय सोडून आला?

चैत्र लागला की नवी मुंबईच्या गावठाणांत बसगाड्या ठरू लागतात. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली, ऐरोली ही सिडकोने १९७० नंतर आखलेल्या सेक्टरांच्या पोटात उरलेली आगरी-कोळ्यांची गावं. जमिनी गेल्या, खाडीतली मासळी कमी झाली, पण कार्ल्याच्या एकवीरा आईची जत्रा सुटली नाही. चैत्र शुद्ध सप्तमीच्या पालखीसाठी माणसं कळंबोलीवरून द्रुतगती मार्गाला लागतात, बोरघाट चढतात आणि शेकडो पायऱ्या चढून आईच्या दारात उभी राहतात. खाली इंद्रायणीचं खोरं पसरलेलं असतं, समोर लोहगड आणि विसापूर.

आईचं देऊळ उभं आहे ते एका चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत कार्ल्याचं सर्वांत मोठं. आत जाणाऱ्या वाटेच्या एका बाजूला सिंहस्तंभ आहे. दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार होता आणि देऊळ त्याच्याच जागी आहे, असं मानतात. देवळाला रांग असते, लेण्याला तिकीट. रांगेतले सगळेच आत जात नाहीत. दर्शन, ओटी, आईचा उदो, खाली उतरून मानाचं जेवण, एवढ्यात दिवस भरतो. लेणं बघायला येतात ते दुसरे, कॅमेरेवाले. पुरातत्त्व खात्याच्या दरपत्रकात भारतीयाला २५ रुपये आणि परदेशी माणसाला ३००. अथेन्सहून कुणी आलाच, तर त्याला ३०० रुपये भरून आत जावं लागेल आणि मग जे खांब तो बघेल, त्यांतले काही कुणाच्या पैशाने कोरले गेले हे कळल्यावर तो कदाचित परतावा मागेल.

खांब ३७ आहेत. दोन्ही हातांना पंधरा-पंधरा, स्तूपामागे सात. बाजूच्या खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी, वर छताला सागाच्या कमानी. दोन हजार वर्षांच्या आसपासचं ते लाकूड अजून जागेवर आहे. अनेक खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एखाद-दोन ओळींचे लेख आहेत. त्यांचा साचा ठरलेला: गाव, नाव आणि ‘खांब दान’. त्यात वारंवार येणारं गाव म्हणजे धेनुकाकट, आणि तिथल्या दात्यांपैकी कित्येक जण स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतात. सिहधय नावाचा यवन. यशवर्धन नावाचा यवन. धम्म नावाचा यवन.

याच चैत्यात इतरांचीही दानं आहेत. धेनुकाकटाचाच एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी दाराचा खर्च उचलतो, तिथलाच सामी नावाचा सुतार दार घडवतो. सोपाऱ्याचा एक भिक्षू खांब देतो. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल तर हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं दगडात कोरून ठेवतो. पनवेलच्या रस्त्यावरच्या गृहप्रकल्पांच्या फलकांना इतका जुना पूर्वज सापडणं अवघड आहे. या दाटीत यवनाच्या दानाला वेगळी जागा नाही. त्याचा खांब इतरांच्या खांबांच्या ओळीतच उभा आहे, त्याच मापाचा.

हे लोक इथे आले कसे, याचं उत्तर समुद्रात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे दर्यावर्दी टिपण आपल्या किनाऱ्यावरची बंदरं ओळीने सांगतं: भडोच, सोपारा, कल्याण, चौल. जुलैत तांबड्या समुद्रातून निघायचं, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडायचा, आणि परतीचा वारा सुटेपर्यंत इथे मुक्काम करायचा. हा मुक्काम महिन्यांचा असे. माल विकायला, नवा घ्यायला घाटावर जावं लागे, आणि घाटांच्या तोंडाशीच लेणी होती. कल्याणबद्दल पेरिप्लसमध्ये एक गमतीदार तक्रारही आहे. पूर्वी हे रीतसर बंदर होतं, पण राजा बदलल्यावर चुकून तिथे शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं तो व्यापारी लिहितो. म्हणजे ठाणे-कल्याणच्या खाड्यांच्या तोंडाशी ग्रीक गलबतं अडकत होती आणि त्यांच्यावरून इथले राजे भांडत होते. आज अटल सेतूवरून उलव्याकडे येताना डाव्या-उजव्या बाजूला दिसणारं पाणी त्याच वर्दळीचं. घारापुरीला महादेवाच्या लेण्याइतकी गर्दी कधी न लाभलेला एक विटांचा स्तूप आहे, आणि त्या बेटाच्या परिसरात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडेही मिळाले आहेत.

आता शंका. सिहधय हे नाव काही ग्रीक नाही. धम्म तर नाहीच. मग हे खरोखर ग्रीक होते, की पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले, ग्रीक वंशाचं फक्त नाव सांगणारे? अभ्यासकांत यावर एकमत नाही. धेनुकाकट नेमकं कुठे, यावरही नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून कार्ल्याच्या परिसरात पायी हिंडत. त्यांनी ते कार्ल्याजवळच शोधलं, एका खांबाच्या माथ्यावर स्फिंक्ससारखी आकृती दाखवून दिली आणि तिचा संबंध यवन दात्याशी जोडला. इतरांनी गाव दूर आंध्रातही नेलं. या वादात पडायचं कारण नाही, कारण एक गोष्ट वादाच्या पलीकडची आहे. लेख कोरणाऱ्याने नाव इथलं घेतलं, श्रद्धा इथली घेतली, भाषा इथली घेतली, आणि तरी ‘यवन’ हा शब्द गाळला नाही. गाळायला कुणी सांगितलंही नसावं. एका खांबावर धम्म आणि यवन हे शब्द शेजारी शेजारी बसले आहेत.

परका माणूस एखाद्या धर्माच्या आत येतो तेव्हा त्याने बाहेर काय ठेवून यायचं, हा आजचा पेटता प्रश्न. कार्ल्याचा खांब त्याला उत्तर देतो: काहीच नाही, फक्त दान घेऊन ये. हे उत्तर इतकं सोपं आहे की त्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

जुन्नरला जावं. तिथल्या लेण्यांत तीन यवनांची दानं आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. हे दोन्ही शिवनेरीच्या डोंगरात, जिथे पुढे दीड हजार वर्षांनी शिवाजी महाराज जन्मले. तिसरा, चंद नावाचा, मानमोडीच्या डोंगरातल्या लेण्याच्या दर्शनी भागाला पैसे देतो. टाकी आणि भोजनमंडप ही दानं फार बोलकी आहेत. घाटमाथ्यावर पाऊस चार महिने कोसळतो आणि उरलेले आठ महिने पाणी शोधावं लागतं. हे ज्याला कळलं, तो नुसता फिरायला आलेला नव्हता. भिक्षूंच्या तहानेचा आणि पंगतीचा विचार करणारा माणूस पाहुणा राहत नाही.

खरी गुंतागुंत नाशिकला आहे. त्रिरश्मी डोंगरातल्या पांडवलेण्यांत, ३ क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात कोरलेल्या या लेखात आजी आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव करते. त्याने शक, यवन आणि पल्हवांचा नाश केला, त्याने चार वर्णांचा संकर थांबवला, असं त्यात आहे. आणि हे कुठे लिहिलंय? बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर. त्याच डोंगराच्या कड्यात थोडं पुढे १७ क्रमांकाचं लेणं आहे. ते दिलं इंद्राग्निदत्ताने. तो धम्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा, आणि यवन. दत्तामित्री म्हणजे ग्रीक राजा डिमिट्रियसच्या नावाचं शहर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने आईवडिलांच्या पुण्यासाठी आणि सर्व बुद्धांच्या पूजेसाठी लेणं, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी दिली. सोबत मुलगा होता, धम्मरखित.

दोन्ही लेखांत काळाचं अंतर फार नाही. एकात यवन हा संपवण्याचा शत्रू, दुसऱ्यात यवन हा उपासक. राज्याची भाषा एक होती, धर्माची दुसरी, आणि दोन्ही एकाच डोंगराने ऐकून घेतल्या. ज्या भिक्षूंनी बलश्रीचं लेणं घेतलं, त्यांनी किंवा त्यांच्या शेजाऱ्यांनी यवनाचंही घेतलं, आणि शक राजा नहपानाचा जावई उषवदात याचंही घेतलं. उषवदाताने तर ब्राह्मणांना लाखांनी गाई दिल्या, आणि तेही याच बौद्ध लेण्यात कोरून ठेवलं. धर्म म्हणजे एकच दार, एकच कुलूप, ही कल्पना त्या डोंगरावर अजून पोचलेली नव्हती.

इथे एक कडू शंका घ्यायलाच हवी. संघाला पैसा हवा होता. उषवदाताने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण नाशिकच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार पाऊण दराने. त्या व्याजातून भिक्षूंना चीवर आणि वरखर्च. मठ असा हिशेबात मुरलेला होता. मग यवनाला जवळ केलं ते तत्त्वाने, की त्याच्या थैलीने? लेख फक्त देणाऱ्याचे आहेत. ज्या यवन खलाशाच्या खिशात खांबाचे पैसे नव्हते, त्याला चैत्यात कुणी बसू दिलं की नाही, हे दगड सांगत नाही. तरी एवढं म्हणता येतं की पैसा घेणाऱ्या संघाने त्या बदल्यात देणाऱ्याचं मूळ पुसलं नाही, आणि झाकलंही नाही. पैसेवाल्यालाही बाहेर उभं करणारे धर्म जगात कमी नाहीत.

खुद्द ग्रीसची गोष्ट घ्या. नवी मुंबईतून अथेन्स, डेल्फी, मेतेओराच्या सहलीला जाणारी कुटुंबं आता कमी नाहीत. पार्नासस डोंगराच्या कुशीतलं डेल्फी बघून माणूस गप्प होतो. दोन कड्यांमधली देवभूमी, खाली ऑलिव्हच्या झाडांचं समुद्रापर्यंत गेलेलं खोरं. तिथल्या अपोलोला लिडियाचा राजा क्रीसस याने सोन्याची रास पाठवली होती, असं हिरोडोटस सांगतो. क्रीसस ग्रीक नव्हता. तरी देवाने दान घेतलं आणि डेल्फीकरांनी त्याला भविष्य विचारण्याचा अग्रमान दिला. म्हणजे डेल्फीचा व्यवहार कार्ल्यासारखाच. पण अथेन्सजवळच्या एल्यूसिसला गूढ दीक्षा मिळे, तिचा नियम वेगळा होता. तिथे बाईला मज्जाव नव्हता, गुलामालाही नव्हता, पण ग्रीक भाषा न कळणाऱ्याला आणि हातून खून झालेल्याला दार बंद. एकाच भूमीत एक देव परक्याचं सोनं घेतो आणि दुसरा त्याची भाषा तपासतो.

आणि त्या एल्यूसिसच्या कहाणीत एक भारतीय शिरला. रोमचा सम्राट ऑगस्टस याच्याकडे निघालेल्या भारतीय वकिलातीत एक श्रमण होता. ग्रीक-रोमन लेखक त्याचं नाव झार्मनोखेगास किंवा झार्मरस असं देतात. इसवी सनापूर्वी २० च्या सुमारास, ऑगस्टस अथेन्समध्ये असताना, त्याने एल्यूसिसची दीक्षा घेतली असं डिओ कॅसियस लिहितो. मग त्याने चिता रचून हसत अग्निप्रवेश केला. त्याच्या थडग्यावर काय लिहिलं होतं, ते स्ट्रॅबोने नोंदवलं आहे. तो बार्गोसाचा भारतीय होता आणि आपल्या पूर्वजांच्या रीतीप्रमाणे त्याने अमरत्व मिळवलं, असा त्याचा आशय. बार्गोसा म्हणजे भडोच, तेच बंदर जिथे कल्याणला चुकलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात नेली जात. ते थडगं आपल्या काळात लोकांना दाखवतात, असं पुढे प्लूटार्क सांगतो. धेनुकाकटाच्या यवनाने कार्ल्याला जे केलं, तेच या भडोचच्या माणसाने अथेन्सला केलं. परक्या देवाच्या दारात गेला, आणि आपलं गाव दगडात कोरून घेतलं.

बौद्धच उदार होते, असं म्हणून इथे थांबता आलं असतं. पण विदिशेजवळ बेसनगरला एक खांब उभा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेचा ग्रीक राजा अंतियाल्किदास याचा राजदूत हेलिओडोरस विदिशेच्या राजा भागभद्राकडे आला. त्याने देवांचा देव वासुदेव याच्यासाठी गरुडध्वज उभारला, स्वतःला भागवत म्हणवलं, आणि दम, त्याग, अप्रमाद या तीन पावलांनी स्वर्ग मिळतो असं खाली कोरलं. राजदूताच्या शिष्टाचारात यजमानाच्या देवाला नमस्कार बसतो, हे खरं. पण स्वतःला भागवत म्हणवणं शिष्टाचाराच्या थोडं पुढचं आहे. गंमत अशी की हा लेख शतकानुशतकं कुणाला दिसलाच नाही. गावकऱ्यांनी खांबाला खांबबाबा केलं होतं आणि शेंदराचे थर चढवले होते. १८७७ मध्ये पुरातत्त्ववेत्ते कनिंगहॅम तिथे येऊन गेले, त्यांनाही अक्षरं दिसली नाहीत. १९०९ मध्ये शेंदूर निघाला आणि ग्रीकाचं नाव बाहेर आलं. म्हणजे ग्रीकाने आपलासा केलेला देव लोक विसरले, आणि त्याने उभारलेल्या खांबालाच देव केलं.

तो भाग तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात, शिंद्यांच्या राज्यात होता. १९१३ ते १९१५ या काळात तिथे उत्खनन केलं ते देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी. त्याआधीच, १९११ मध्ये, ‘इंडियन अँटिक्वरी’त त्यांचा एक मोठा निबंध आला होता. हिंदू समाजातले परकीय घटक हा त्याचा विषय. बेसनगर, कार्ले, नाशिक इथले असे लेख पुराव्याला घेऊन त्यांनी दाखवलं की यवन, शक, गुर्जर असे किती लोक या समाजात मिसळून गेले आणि शुद्ध रक्ताच्या गप्पांना किती कमी आधार आहे. पुण्या-मुंबईच्या ब्राह्मणी विद्वत्तेतून आलेला हा निबंध त्या काळासाठी धीट होता.

त्या निबंधाचा सर्वांत धारदार वाचक निघाला तो महू गावी जन्मलेला. १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ हे न होऊ शकलेलं भाषण छापताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भांडारकरांचा आधार घेतला. सगळ्याच जातींत परकीय रक्त आहे, तर वंशशुद्धीसाठी जात हवी हे म्हणणं टिकत नाही, हा त्यांचा मुद्दा. आणखी एक मुद्दा त्याच पुस्तकात येतो, आणि कार्ल्याच्या खांबाशी तो थेट भिडतो. हिंदू धर्म एके काळी परक्यांना आत घेत होता. तो ते करायचा का थांबला? बाबासाहेबांचं उत्तर सरळ होतं: जात आली म्हणून. आत येणाऱ्याला कोणत्या जातीत बसवायचं, हे ठरवता येईना. जात जन्मानेच मिळते, तिला अर्ज करता येत नाही. हेलिओडोरसला भागवत होता आलं. त्यानंतरच्या काळात आलेल्याला भागवत होण्याआधी कुणाच्या तरी पोटी जन्मावं लागलं असतं.

इथे यवनाच्या आणि नागपूरच्या दीक्षेतला फरक नीट पाहावा लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि दिल्या. त्यांतल्या अनेक प्रतिज्ञा सोडण्याच्या आहेत: हे देव मानणार नाही, हे विधी करणार नाही. कार्ल्याच्या यवनाला असं काही सोडावं लागलं नव्हतं. वरवर पाहता जुना संघ मोकळा आणि नवा कडक, असा निष्कर्ष काही जण काढतातही. तो चुकीचा आहे. यवन बाहेरून आला होता, जहाजावरून, मालासकट. ‘यवन’ म्हणवून घेण्यात त्याला कमीपणा नव्हता, गावविहिरीवर त्याला कुणी अडवलं नव्हतं. त्याला आपलं नाव बाळगणं परवडत होतं. नागपूरला जमलेली माणसं बाहेरून आली नव्हती. ती शेकडो वर्षं याच गावात, याच समाजाच्या आत होती, आणि तरी उंबऱ्याबाहेर. त्यांच्यासाठी जुनी ओळख हाच पायातला खोडा होता. ज्याचं नाव त्याचा अभिमान आहे त्याला ‘ये, जसा आहेस तसा’ म्हणणं सोपं आहे. ज्याच्यावर नाव लादलं गेलं, त्याला ते टाकून येण्याची मुभा देणं हीच उदारता ठरते.

ग्रीक आणि बौद्ध यांच्यातला सर्वांत प्रसिद्ध वाद नावावरूनच सुरू होतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, भिक्षू नागसेनाला पहिलाच प्रश्न करतो तो नावाचा. नागसेन सांगतो की नागसेन ही नुसती हाक आहे, तिच्यामागे कुणी कायमचा माणूस सापडत नाही. राजा ते मानत नाही, मग भिक्षू त्याला विचारतो की तू आलास त्या रथात रथ कुठला? चाक रथ आहे का, आस आहे का, जू आहे का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो, आणि रथ हेही या सगळ्यांवरून पडलेलं नुसतं नाव आहे, हे शेवटी कबूल करतो. ग्रंथाच्या शेवटी तो उपासक होतो.

१९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. वादात हरलेल्या, आणि समोरच्याचं म्हणणं कबूल करणाऱ्या यवनाचं नाव त्यांनी कॉलेजला दिलं: मिलिंद.